आधी बाटली, मग गदा

२०२५ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत आमच्या नगर जिल्ह्याने जो पराक्रम केला, तो महाराष्ट्रातल्या दुसऱ्या जिल्ह्याला सहजासहजी साधायचा नाही. जानेवारीच्या अखेरीस शहरातल्या वाडिया पार्कवर सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली, आणि मार्चच्या अखेरीस कर्जतला सहासष्टावी पार पडली! सदुसष्ट आधी आणि सहासष्ट मागाहून, हे गणित ज्यांना उलगडणार नाही त्यांनी उगाच डोके शिणवू नये. कुस्तीच्या दोन संघटना आहेत. दोघींची मोजदाद वेगळी, दोघींच्या गदा वेगळ्या आणि दोघींच्या व्यासपीठांवर बसणारे पुढारीही वेगळे. वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, कर्जतला वेताळ शेळके झाला. एका हंगामात एका जिल्ह्याने दोन केसरी खांद्यावर घेऊन मिरवले.

वाडिया पार्कवर काय घडले ते सर्वांना ठाऊकच आहे. गादी गटाच्या शेवटच्या कुस्तीत शिवराज राक्षे चितपट झाला की नाही यावरून रण माजले, पंचांना लाथ बसली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी हुज्जत घातली आणि मैदान सोडले. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. त्या एका खांद्यावर महाराष्ट्राने पुढे महिनाभर खल केला. खांदा टेकला होता की नव्हता, हे लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिले. चहाच्या टपरीवर, एस्टीत, लग्नाच्या पंगतीत, जिकडे जावे तिकडे तो खांदा!

पण कुस्तीच्या कोणत्याही फडात बसा, तिथे आणखी एक प्रश्न विचारला जात असतो. तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. हलगीच्या कडकडाटात, शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन, डोळा बारीक करून विचारला जातो: "गडी दुधावरचा आहे, का सुईवरचा?"

या कुजबुजीविरुद्ध मला आज भांडायचे आहे. कुजबुज खोटी आहे असे माझे म्हणणे नाही, आणि खरी आहे असेही नाही. ती खरी की खोटी हे ठरवायचे साधन जगात पन्नास वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. ते साधन आपण गावच्या मैदानात आणत नाही, आणि आणत नाही म्हणून प्रत्येक पैलवानावर संशय घेण्याचा परवाना प्रत्येक बघ्याला मिळतो. हे मला असह्य होते. वर ज्यांची नावे आली त्यांच्यापैकी एकाविरुद्धही माझ्यापाशी अवाक्षर नाही. उलट त्यांच्यासारख्यांच्या बाजूनेच मी बोलतो आहे. माझे म्हणणे चार शब्दांचे आहे. आधी बाटली, मग गदा. बाटली म्हटल्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांनी दचकू नये. पैलवानाने तपासणीसाठी भरून द्यायची ती बाटली मला अभिप्रेत आहे. दुसरी बाटली आपल्या जत्रांतून भरपूर आहे, तिची शिफारस करायला माझी गरज नाही.

नगर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी हे सांगितले पाहिजे की आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना 'हगामा' म्हणतात. पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीच्या यात्रेचा हगामा घ्या, नाहीतर पारनेर-श्रीगोंद्याकडच्या एखाद्या आडगावच्या भैरवनाथाचा घ्या, रीत तीच. दुपारी ऊन उतरले की हलगी वाजते. आधी चड्डीतली पोरे रेवड्यांवर लढतात. मग नारळावर, मग शंभर-दोनशे रुपयांवर, आणि दिवस मावळता मावळता मानाची कुस्ती. तिची रक्कम आता लाखाच्या घरात जाते. कोणी चांदीची गदा देतो, कोणी दुचाकी देतो, आणि देणाऱ्याचा फोटो घेणाऱ्याच्या फोटोपेक्षा मोठा छापलेला असतो. मला हा हगामा मनापासून आवडतो. रेवडीसाठी झोंबणारा आठ वर्षांचा पोरगा हरल्यावर डोळे पुसतो आणि तरीही रेवड्या खातो, तसे दृश्य कोणत्याही मोठ्या स्टेडियमवर दिसायचे नाही.

या फडातल्या प्रेक्षकाचा मला फार अभिमान आहे. 'नुरा' कुस्ती त्याच्यापासून लपत नाही. दोन पैलवान आतून संगनमत करून लुटुपुटीचे झुंजू लागले की पहिल्या मिनिटाला माणसे ओरडू लागतात, दुसऱ्या मिनिटाला टोप्या उडतात, तिसऱ्या मिनिटाला कमिटीची माणसे हौद्यात उतरून दोघांनाही बाहेर काढतात. इनाम बंद! फसवणूक खपवून घ्यायची नाही हा इथला जुना कायदा आहे, आणि तो शेतकऱ्यांनी केलेला आहे, त्याला विधानसभा लागली नाही. मग हाच प्रेक्षक सुईच्या बाबतीत कुजबुजून गप्प का बसतो? कारण नुरा डोळ्यांना दिसते आणि सुई दिसत नाही. डोळ्यांना जे दिसत नाही त्याचा निवाडा डोळ्यांनी करायला गेले की फक्त अन्याय होतो. एखाद्या पोराचा मुळात बांधाच दांडगा असतो. घरी दोन म्हशी, बापही पैलवान, दहाव्या वर्षापासून तालमीत जोर-बैठका. तो अठराव्या वर्षी मैदानात उतरला की लोक म्हणतात, "एवढा कसा झाला?" आणि शेजारचा, सहा महिन्यांत फुगलेला, लोकांना ओळखीचा म्हणून सुटतो. ही काय परीक्षा झाली?

आता ही सुई म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडे नीट पाहू, कारण सणासुदीला घरी आलेल्या मुलांच्या आयांना ते कळणे मला पैलवानांना कळण्याहून अधिक महत्त्वाचे वाटते.

मुख्य प्रकार दोन. पहिला स्टेरॉइडचा. पुरुषाच्या शरीरात मांस आणि जोम वाढवणारा जो रस निसर्गतः तयार होतो, त्याची नक्कल करून कारखान्यात बनवलेली ही द्रव्ये. त्यांतले मेथँडिएनोन नावाचे एक औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारात आले आणि तिथल्या वजन उचलणाऱ्यांच्या हाती पडले. ते घेतले की व्यायामाचे फळ लवकर दिसते हे खरे, ते नाकारण्यात अर्थ नाही. खोटे बोलून पोरांना भीती घातली की पोरे आपले काहीच ऐकत नाहीत. पण शरीर हा हिशेबी सावकार आहे. बाहेरून रस मिळू लागला की आतली विहीर ते बंद करते. वृषणे आक्रसतात, बीज कमी होते, कित्येकांची छाती बायकी होते. गोळीने यकृतावर ताण पडतो, रक्तातली वाईट चरबी वाढते, हृदयाचा स्नायू जाड होतो. स्वभाव भडक होतो तो वेगळाच. घरात पाठीवर एकाएकी पुरळ उठलेला, दोन महिन्यांत अंगरखे बदलावे लागलेला आणि साध्या बोलण्यावर ताट भिरकावणारा मुलगा असेल, तर "वयात आलाय" म्हणून सोडून देऊ नका. त्याच्या पिशवीतले डबे पाहा.

दुसरा प्रकार अधिक स्वस्त आणि म्हणून अधिक घातक. मेफेंटरमिन नावाचे एक इंजेक्शन आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब कोसळला, तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. अलीकडच्या वर्षांत पुणे, सांगली, कोल्हापूर या भागांत पोलिसांनी व्यायामशाळांतल्या तरुणांना हीच इंजेक्शने चोरून विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या वरचेवर आल्या आहेत. भुलेच्या टेबलावरचे औषध पोरगा व्यायामाआधी टोचून घेतो, का, तर दम लागत नाही! अरे बाबा, दम लागणे ही शरीराची घंटा आहे. घंटा काढून टाकली म्हणून आग विझत नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब या औषधाने भलताच चढतो, काळीज धडधडते, आणि थकवा कळत नसल्यामुळे तो थांबत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदीच्या यादीत हे औषध आहेच.

"पण असले प्रकार परदेशात चालतात, आपल्याकडच्या मातीत नाही," असे म्हणणारे गृहस्थ अजून भेटतात. त्यांना मी फक्त आकडे सांगतो. वाडाच्या अहवालाप्रमाणे २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या २६० मध्ये बंदी असलेली द्रव्ये सापडली. म्हणजे शंभरात साडेतीनांहून अधिक. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक, आणि तेही लागोपाठ तिसऱ्या वर्षी. चीनने त्याच साली चोवीस हजारांवर नमुने तपासले, त्यांत दोषी पन्नासही निघाले नाहीत. आपल्या २६० मध्ये धावणे-फेकणे-उड्या यांचे खेळाडू पहिले, वजन उचलणारे दुसरे, आणि तिसरा क्रमांक कुस्तीचा, २९ नमुन्यांचा. तिसरा क्रमांक आला की आपण पदक म्हणतो. हे पदक कोणत्या आमदाराने फलकावर छापलेले मी पाहिले नाही.

आणि हे आकडे फक्त तपासलेल्यांचे. न तपासलेल्यांचे काय होते, ते २६ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिसले. राज्य स्पर्धेचा शेवटचा दिवस. पुरुषांच्या शंभर मीटरची अंतिम शर्यत. आठ धावपटू उभे राहायचे होते. 'नाडा'ची, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची माणसे बाटल्या घेऊन आली आहेत असे कळले, आणि सातजणांना एकाएकी पायात गोळे आले! एकटा एक तरुण धावला आणि पहिला आला. दुसऱ्या एका शर्यतीत एक मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही थांबेना. ती धावतच सुटली आणि बाटलीवाला अधिकारी तिच्यामागे. हसू येते खरे. पण मला त्यात त्या एकट्या धावलेल्या मुलाची दया येते. आठांत पहिला येण्याचा मान त्याच्या नशिबी नव्हता. त्याच्याबरोबर धावायलाच कोणी उरले नाही. प्रामाणिक माणसाचे असेच होते. लबाडांच्या गर्दीत हरला तरी तोच, आणि गर्दी पळून गेल्यावर एकटा जिंकला तरी हसे त्याचेच.

आता नरसिंग यादव यांचे प्रकरण. हे प्रकरण महाराष्ट्राने अर्धवट वाचून मिटवून ठेवले, म्हणून ते मुद्दाम उघडतो. नरसिंग मुंबईत वाढलेले, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, पोलीस खात्यात उपअधीक्षक. २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवले आणि रिओ ऑलिंपिकची जागा भारताला मिळवून दिली. सुशीलकुमारने निवड चाचणी मागितली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. आणि मग, ऑलिंपिक तोंडावर आले असताना, २५ जून २०१६ च्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडले. पुन्हा ५ जुलैच्या नमुन्यातही. नरसिंग म्हणाले, सोनीपतच्या शिबिरात माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मान्य करून त्यांना मोकळे केले. वाडा क्रीडा लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला, त्यांच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच लवादाने चार वर्षांची बंदी सांगितली. कट झाल्याचा पुरावा नाही, आणि पहिल्या नमुन्यातले प्रमाण पाहता ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे नसून एक-दोन गोळ्यांचे दिसते, असे तज्ज्ञाचे मत लवादाने ग्राह्य धरले.

त्या आठवड्यात महाराष्ट्रात काय चालले होते ते आठवा. निम्मे लोक म्हणत होते, 'आमच्या पोराला घातला'. निम्मे म्हणत होते, 'सगळेच घेतात, हा सापडला एवढेच'. दोन्ही बाजूंना खात्री होती आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीही लवादाचा निकाल वाचला नव्हता. मला यातले दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक विषारी वाटते. 'सगळेच घेतात' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे, पण ते दोन कामे करते. जो घेतो त्याला ते माफ करते, आणि जो घेत नाही त्याला ते चोर ठरवते. तालमीत पहाटे चारला उठून दोन हजार बैठका मारणाऱ्या पोराच्या तोंडावर हे वाक्य फेकणाऱ्याला मी कुस्तीशौकीन म्हणायला तयार नाही. नरसिंग यांची बंदी २०२० साली संपली, ते पुन्हा लढले, २०२४ साली कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचे अध्यक्षही झाले. पण 'खरे काय?' हा प्रश्न त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. बंदी चार वर्षांची असते. संशयाला मुदत नसते.

याच्या उलटची अडचणही आहे आणि ती मी लपवणार नाही. कायदा असा की नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, ते आत कसे गेले हे त्याने सिद्ध करायचे. हे कठोर आहे. सतनामसिंग भामरा हा पंजाबचा बास्केटबॉलपटू घ्या. २०१५ साली डॅलसच्या संघाने निवडलेला, अमेरिकेच्या धंदेवाईक बास्केटबॉलच्या निवडीत आलेला पहिला भारतीय. २०१९ साली त्याच्या नमुन्यात हायजेनामिन सापडले आणि दोन वर्षांची बंदी आली. हे द्रव्य काही वनस्पतींतही असते आणि ताकदीच्या डब्यांतून मिसळलेले असू शकते. आमच्या खेड्यातला पोरगा तालुक्याच्या गावी जाऊन चार-पाच हजारांचा परदेशी चित्राचा डबा घेतो, त्यावर काय छापले आहे ते त्याला वाचता येत नाही, आणि आत काय आहे ते छापणाऱ्यालाही ठाऊक असतेच असे नाही. म्हणून मी म्हणतो, तपासणी हवी ती शिक्षेआधी शिक्षण म्हणून. बाटली दारात उभी असली की डबा उघडण्यापूर्वी वस्ताद चौकशी करील. आज करायचे त्याला कारणच नाही.

बास्केटबॉलचे नाव निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेतली ती धंदेवाईक साखळी जगातल्या अतिश्रीमंत मंडळींपैकी एक. तिथे संशयाची कुजबुज कायम चालू असते: एवढे सामने, एवढे प्रवास, तरी ही माणसे थकत कशी नाहीत? सापडणारे मात्र मोजके. तिथे तपासणीचे नियम साखळीचे मालक आणि खेळाडूंची संघटना आपसांत बसून ठरवतात, वाडाचे नियम तिथे लागू नाहीत. २०१९ साली डिअँड्रे एटन या खेळाडूच्या नमुन्यात लघवी वाढवणारे औषध सापडले, त्याला पंचवीस सामने बाहेर बसवले. ऑलिंपिकच्या नियमांत हीच मोजणी वर्षांनी होते! शिक्षा कमी म्हणून लबाडी अधिक, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की जो तमाशा भरवतो त्याच्याच हाती कंदील असला, तर प्रेक्षकाला अंधाराचा संशय येणारच. आमची यात्रा कमिटी आणि ती साखळी यांत पैशांचा फरक आहे, वृत्तीचा नाही. (लघवी वाढवणारे औषध कुस्तीतही ओळखीचे आहे. वजन उतरवायला आणि दुसरी द्रव्ये धुऊन काढायला, अशा दोन्ही कामांना ते वापरतात.)

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला आक्षेप: 'कुस्तीची बदनामी होईल'. वा! तपासणीने बदनामी होते आणि कुजबुजीने अब्रू वाढते काय? दुधात पाणी आहे की नाही हे पाहायला डेअरीवर यंत्र बसवले, तेव्हा गवळ्यांची बदनामी झाली नाही. ज्याचे दूध चांगले त्याला फॅटप्रमाणे भाव मिळू लागला. सहकारात वाढलेल्या आमच्या जिल्ह्याला हे मी सांगावे काय? संगमनेर-राहुरीच्या कोणत्याही गावात जा, सकाळी चरवी घेऊन आलेली म्हातारीसुद्धा मापाच्या आकड्याकडे डोळा लावून असते. दुधाच्या चरवीला माप, उसाच्या गाडीला वजनकाटा, आणि लाखाची कुस्ती मात्र अंदाजपंचे!

दुसरा आक्षेप गरिबीचा. पोरांना खुराक परवडत नाही, बदाम-तुपाचे भाव गगनाला भिडलेत, मग पोरे सुईकडे वळतात, त्यांना दोष कसा द्यावा? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पैलवानाचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. तेवढ्यात एखादी मोठी गदा, तिच्या जोरावर सरकारी नोकरी. खेळाडूंना महाराष्ट्रात नोकऱ्यांत पाच टक्के जागा आहेत, त्या रांगेत उभे राहायचे तर नाव हवे. घरी बापाने एकर विकलेला असतो. अशा पोराला दोष देण्यात मला रस नाही. पण मग दोष कोणाला द्यायचा ते तरी धीटपणे सांगा! त्याला सुई देणारा, ती विकणारा, तिच्यावर डोळेझाक करणारा वस्ताद, आणि 'यंदा आपल्या गावच्या मैदानात मोठे अंग उतरले पाहिजे' असा आग्रह धरणारी कमिटी. मोठे अंग हवे, कारण गर्दी मोठ्या अंगाला जमते. मोठ्या अंगाची मागणी आपण केली आणि पुरवठा कुठून झाला हे विचारले नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण इथे देतो, कारण ते नेहमी चुकीच्या कारणासाठी दिले जाते. १९५२ साली हेलसिंकीला गोळेश्वरचा हा गडी गेला तो लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. कांस्यपदक आले. भाषणांत हे उदाहरण 'जुन्या काळी पैलवान कसे सचोटीचे होते' हे सांगायला येते. अहो, त्या काळी ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची तपासणीच नव्हती. ती सुरू झाली १९६८ साली, आणि स्टेरॉइडची तर १९७६ साली. खाशाबांबद्दल आज कोणी कुजबुजत नाही, याचे कारण ज्यांनी पैसे दिले त्यांना तो माणूस आणि त्याची तालीम रोज दिसत होती. ज्याने घर गहाण टाकले त्याला पैलवान ठाऊक होता. आज ज्याच्या नावाने मानाची कुस्ती लागते, त्याला पैलवानाचे नाव निवेदकाने कानात सांगावे लागते. ओळख संपली, म्हणून माप आणावे लागते, एवढाच माझा युक्तिवाद आहे.

तिसरा आक्षेप: 'खर्च कोण करणार?' हा ऐकला की मला खरोखर हसू फुटते. एका यात्रेत स्वागताचे फलक किती लागतात ते कोणत्याही वेशीवर उभे राहून मोजा. ध्वनिक्षेपकांच्या भिंती, पाहुण्यांचे फेटे, शाली, नारळ, ड्रोनवरून चित्रण! मानाच्या कुस्तीचे दोन पैलवान आणि बाकीच्यांतून चिठ्ठी टाकून काढलेला एक, अशा तिघांचे नमुने घेण्याला जो खर्च येईल तो फेट्यांच्या खर्चातून सुटेल. गावाने स्वतः बाटल्या धरायच्या नाहीत, ते काम प्रशिक्षित माणसाचेच. एकाच नमुन्याच्या दोन बाटल्या होतात, दोन्हींना मोहर लागते, आणि पहिलीत दोष निघाला तर खेळाडूच्या मागणीवरून दुसरी त्याच्यासमोर उघडतात. हे नीट झाले नाही तर निरपराधाचा बळी जाईल. २०२२ सालच्या राष्ट्रीय कायद्याने नाडाला हे अधिकार दिले आहेत. जिल्ह्याच्या तालीम संघाने नाडाला आणि राज्याच्या क्रीडा खात्याला पत्र घालावे, मोठ्या रकमेच्या दहा हगाम्यांची यादी सोबत जोडावी, आणि पहिल्या वर्षी त्यांतल्या कोणत्या तिघांवर माणूस येईल हे आधी कोणालाच कळू देऊ नये. तीनच पुरेत. दिल्लीत सातजणांना पळवायला एकच फेरी लागली होती. आणि अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या पेठेत चिठ्ठीवाचून काय विकले जाते हे पाहावे, त्याला तर नवा कायदाही लागत नाही.

दोन्ही कुस्ती संघटनांनाही एक विनंती. तुमच्यापैकी खरी कोण हा वाद कोर्टात चालू द्या, सदुसष्ट-सहासष्टचा हिशेबही सावकाश जुळवा. पण गावोगावच्या मातीतल्या तपासणीसाठी दोघी मिळून एक कागद करून सही करता येते काय ते पाहा. दोघींच्या केसऱ्यांना त्याची सारखीच गरज आहे. मोहोळ असो की शेळके, या पोरांनी मिळवलेल्या गदेकडे पाहून कोणी डोळा बारीक करू नये, एवढे तरी तुम्ही त्यांचे देणे लागता.

मोठ्या जत्रा आता दिवाळीनंतर सुरू होतील आणि चैत्रात त्यांना ऊत येईल. कमिट्यांची पत्रके छापखान्यात जायची वेळ जवळ आली आहे. माझ्या ओळखीच्या एका गावाच्या कमिटीला मी मसुदा देऊन ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी उचलावा, माझे नाव घालण्याचे कारण नाही. मानाच्या कुस्तीच्या रकमेखाली, देणगीदारांच्या नावांच्या वर, ठळक अक्षरांत एवढेच छापायचे: "इनामाची निम्मी रक्कम मैदानात, निम्मी तपासणीचा निकाल आल्यावर. तपासणीस नकार देणाऱ्या पैलवानाची जोड लावली जाणार नाही."